हळदीला भावकीची संमती

हळदी नावाची कुत्री जयराज मानेच्या घरी आली, रमली, आणि आता दिवाणावर चारी पाय वर करून अशी झोपते की आलेल्या पाहुण्याला चपलांच्या स्टँडवर टेकावं लागतं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते चुकून पुढं आलं. हळदी घरी आलेली नाही, येईल असं कुणाही शहाण्या माणसाला वाटत नाही, आणि मुळात जयराजला कुत्रं नकोच आहे. इथून सुरुवात करू.

जयराज साताऱ्यातल्या एका खासगी तंत्रनिकेतनात यंत्रांची चित्रं काढायला शिकवतो. गाव पलूस, फ्लॅट साताऱ्याच्या गोडोलीत. त्याचा आवाज इतका मऊ आहे की वर्गात पहिलं बाक ऐकतं आणि मागच्या बाकांना कळवतं. उलट त्याचे वडील, सुभेदार नाथाजी माने, फौजेतून निवृत्त होऊन पलूसला अंगणात बसतात आणि 'च्या आण गं' म्हणतात, तेव्हा शेजारच्या रानातला माणूस मोटर बंद करून चहाला येतो. मान्यांच्या घरात जमिनीच्या वाटण्या झाल्या, भांड्यांच्या झाल्या, पण आवाजाचा विषय कधी निघालाच नाही. तो सगळा वडिलांकडंच राहिला.

जयराजची बायको सृष्टी सांगलीची. तिनं मोबाइलवर कुत्र्यांच्या एका निवाऱ्यानं टाकलेला एका कुत्रीचा फोटो पाहिला आणि ही आपली, असं जाहीर केलं. फोटोत एक पाठ आणि दोन कान होते. तोंड नव्हतं. जयराज म्हणाला, "मी त्यांना नाही म्हणून कळवतो." सृष्टी म्हणाली, "फोनवर तुझं 'नाही' कुणाला ऐकू येत नाही. समक्ष जाऊन सांग." म्हणून तो रविवारी नकार द्यायला उंब्रजजवळच्या त्या निवाऱ्यात गेला. हायवेचं काम चालू असल्यामुळं पोचायलाच इतका वेळ लागला की निम्मा नकार वाटेतच खर्च झाला.

निवारा भार्गवी नावाची वाईची बाई चालवते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती उसाच्या रानाशेजारी चाळीसेक कुत्र्यांत राहायला आली आहे आणि तिच्या चेहऱ्यावरून ती फायद्यात असावी. तिनं हळदीची ओळख करून दिली. ही सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागं लपलेली सापडली. आणली तेव्हा पिवळीधमक होती, म्हणून नाव हळदी ठेवलं. अंघोळ घातल्यावर पांढरी निघाली. पण तोवर लशीच्या कार्डावर नाव चढलं होतं.

हळदी छत्रीला भ्यायची. हेल्मेटला भ्यायची, मिशांना, कुकरच्या शिट्टीला, स्वतःच्या शिंकेला आणि, का ते अजून कुणाला कळलेलं नाही, बटाट्याला. पण जीव लावायला तिला कुणीतरी हवंच असायचं. या दोन गोष्टींचा मेळ तिनं आपल्या परीनं घातला होता. ती उलटी चालत यायची. जयराजनं हळूच तिला हाक मारली. साखर कारखान्याच्या गेटात उसाची ट्रॉली रिव्हर्स घ्यावी तशी ती, तोंड भिंतीकडं ठेवून, मागच्या मागं, जरा डावीकडं, जरा उजवीकडं करत, जयराजच्या दिशेनं आली, अंदाज घेतला आणि त्याच्या पायावर बसली. तोंड अजून भिंतीकडंच.

जयराज हलला नाही. थोड्या वेळानं त्याच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही हेही कळेना. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मऊ आवाजामुळं जवळ आलं होतं. नकार द्यायचं राहून गेलं.

"दोन घरांनी परत आणलीय हिला," भार्गवी म्हणाली. "कराडचे म्हणाले, राखण करत नाही, पाव्हणा आला की पाव्हण्याच्याच मागं लपते. दुसरे म्हणाले, सेल्फीत तोंड दाखवत नाही. परत आली की आठवडाभर जेवत नाही. आता तिसऱ्यांदा परत आली तर मी तिला पुन्हा कुठं देणार नाही. इथंच राहील मग, कायमची. तेव्हा नीट विचार करा. तुमच्या सोसायटीची हरकत नसल्याचं पत्र लागेल, घरातल्या सगळ्यांची संमती लागेल, आणि मी स्वतः हिला घेऊन घर बघायला येईन. तिथं ही घाबरली तर परत घेऊन जाईन. वाईट वाटून घ्यायचं नाही."

जयराजनं होकार दिला. भार्गवी म्हणाली, "काय म्हणालात?" त्यानं मान हलवली.

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकाका खालच्या मजल्यावर राहतात. मूळ साताऱ्याचेच, जुन्या पेठेतले, आणि नियम हा त्यांचा एकुलता एक छंद. त्यांनी आधी सल्ला दिला. कुत्रं पाळायचं तर जातीचं पाळावं. जातीचं परवडत नसेल तर मासे पाळावेत. मासे परवडत नसतील तर मनी प्लांट. मग ते म्हणाले, "हरकत नाही असं मी लिहून देईन. पण ती भुंकत नाही याचा पुरावा आणा."

आता न भुंकण्याचा पुरावा कसा देतात हे तंत्रनिकेतनात शिकवत नाहीत. जयराज पुन्हा उंब्रजला गेला, हळदीसमोर मोबाइल धरला आणि तिची शांतता रेकॉर्ड करून आणली. संध्याकाळी मधुकाकांनी कानात इअरफोन घातले, डोळे मिटले आणि गाण्याच्या मैफलीला बसावं तसे ऐकत बसले. मध्येच त्यांनी बोट वर केलं.

"इथं काहीतरी आवाज आला."

"तो तुमचा कुकर आहे काका. आता झाला."

"मग पुन्हा पहिल्यापासून लावा."

शांतता तीनदा ऐकून झाल्यावर पत्र मिळालं. त्यात 'सदर श्वान सध्या भुंकत नाही' असं लिहून 'सध्या'खाली रेघ मारली होती.

राहिली घरातल्या सगळ्यांची संमती. ही सगळ्यांत सोपी गोष्ट होती. घरात दोघंच, आणि दोघांचीही मान हललेली. जयराजनं पलूसला फोन केला तो खरं तर नुसतं सांगावं म्हणून. माणसानं नुसतं सांगायला म्हणून घरी फोन करू नये.

"आबा, आम्ही कुत्रं घ्यायचं म्हणतोय."

"घ्या की. रानात दोन हायती, त्यातलं एक घिऊन जा."

"तसं नाही. संस्थेतनं घ्यायचं. त्यांना घरातल्या सगळ्यांची संमती लागते, एवढंच."

पलीकडं शांतता पसरली. नाथाजींच्या शांततेचा जयराजला बालपणापासून अनुभव होता. तिच्यानंतर नेहमी हुकूम यायचा.

"सगळ्यांची म्हंजे भावकी आली," नाथाजी म्हणाले.

"आबा, सगळ्यांची म्हणजे मी आणि सृष्टी."

"तुमी दोघं म्हंजे घर व्हय रं? घर हितं हाय. तुमी तिकडं पोस्टिंगवर हाय."

मान्यांच्या भावकीत सून, ट्रॅक्टर आणि बोअर यांतली कुठलीच गोष्ट बैठकीशिवाय आलेली नाही. चार वडीलधारे बसतात, सुपारी फिरते, चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधाचा विषय निघतो, तो मिटत नाही, मग चहा होतो आणि मूळ गोष्टीला होकार मिळतो. संस्थेनं सगळ्यांची संमती मागितली आहे म्हटल्यावर नाथाजींना त्या संस्थेबद्दल एकदम आदर वाटायला लागला. इतकी रीतभात पाळणारी माणसं आता राहिली कुठं, असं त्यांनी जयराजच्या आईला, राहीबाईंना, सांगितलं. पलूसमधल्या बऱ्याच जणांनी ते आपापल्या घरी बसून ऐकलं.

"बैठक साताऱ्यातच घिऊ," नाथाजी फोनवर म्हणाले. "ती बाई कुत्री घिऊन येणार हाय न्हवं, मग तवाच घिऊ. तू सगळ्यांस्नी आवतान धाड. आन लालासाहेबाला रीतीनं सांग. समजलं का?"

समजलं होतं. लालासाहेब, म्हणजे सगळ्यांचे तात्या, नाथाजींचे चुलतभाऊ. प्रत्येक भावकीत लग्नकार्याला कुणीतरी रुसावं लागतं, नाहीतर कार्य झाल्यासारखं वाटत नाही. बाकी घरांत हे काम आलटून पालटून होतं. मान्यांत ते तात्यांकडं कायम होतं. जयराजच्या लग्नात आहेराचा फेटा दुसऱ्याच्या फेट्यापेक्षा फिका निघाला म्हणून ते रुसले. ट्रॅक्टर आणला तेव्हा नारळ आपल्या हातून फुटला नाही म्हणून रुसले. बोअरला पाणी लागलं तेव्हा सगळे नाचत होते आणि तात्या जांभळीखाली पाठ करून बसले होते. का, ते बोअर आटली तरी कळलं नाही.

पण रुसावं तर तात्यांनीच. खुर्ची भिंतीकडं फिरवायची, टोपी कपाळावर ओढायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर भिंतीच्या पोपड्यावर. चहा नाही, पाणी नाही, शब्द नाही. मग घरच्या थोरल्यानं जायचं, हात धरायचा, 'उठा की आता' म्हणायचं. तात्यांनी म्हणायचं, 'आमचं काय, आमी असलो काय, नसलो काय.' असं तीनदा झालं की उठायचं आणि सगळ्यांत जास्त जेवायचं. मुलं मुंबईला, बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. एरवी 'जेवलात का तात्या' असं विचारायला त्यांना कुणी नव्हतं. हे भावकीला माहीत होतं, म्हणून रुसवा निघाला की हात धरायला दोघं-तिघं पुढं यायचे.

अशा माणसाला जयराजनं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आवतान दिलं. सगळ्यांना एकदम. खाली नकाशा जोडला. मान्यांच्या इतिहासात आवतान तोंडी, घरात जाऊन, निदान फोन करून द्यायची पद्धत आहे. नकाशा तर कुणी कधी जोडलेला नाही. निळ्या खुणा उमटल्या. कुणी अंगठा पाठवला, कुणी फुलं. तात्यांकडून काहीच आलं नाही.

"झालं," सृष्टी म्हणाली. "गेलं आपलं कुत्रं."

"तात्या नाही आले तर काय बिघडतं?"

"नाही येऊन चालेल कसं त्यांना? घरी रुसलेलं दिसणार कुणाला?"

तिचं खरं निघालं. ठरलेल्या रविवारी सकाळी दोन जीप आणि एक छोटा टेम्पो गोडोलीत शिरले, आणि टेम्पोच्या हौद्यात, ज्वारीच्या पोत्यापुढं, सगळ्यांकडं पाठ करून तात्या बसलेले होते. पलूसपासून तसेच आले होते. बाकी भावकी उतरली, ते उतरले नाहीत. समोर पार्किंगची भिंत होती. तिच्याकडं बघत बसले.

"ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाले. "चहाच्या टायमाला हात धरतो."

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भावकी मावते का, हा प्रश्न आतापर्यंत कुणाला पडला नव्हता. ती मावली. दिवाणावर काकेमंडळी, स्वयंपाकघरात काकूमंडळी, गॅलरीत चुलत, मावस आणि ज्यांचं नातं सांगायला कागद घ्यावा लागेल असे. खाली मधुकाकांनी छतावर पावलांचा आवाज ऐकून 'सध्या' हा शब्द आठवला असणार. राहीबाईंनी आल्या आल्या भाकरीचा तुकडा आणि निरांजन तयार ठेवलं. घरात नवीन जीव येतोय, ओवाळून टाकायला नको का?

आणि मग भार्गवी आली. तिच्या मागं पट्ट्याला बांधलेली हळदी, उलटी चालत.

दारात भार्गवी थांबली. तिनं आयुष्यात बरीच घरं तपासली असतील. चार घरांत मिळून नसतील एवढी माणसं इथं एका खोलीत होती, आणि सगळी हळदीकडं बघून हसत होती.

"हे सगळे कोण?" तिनं विचारलं.

"घरातले," जयराज म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. नाथाजींनी तेच उत्तर दिलं, ते अजिंक्यताऱ्याला ऐकू आलं.

"बसा म्याडम. जय हिंद. संमतीसाठी सगळे हाजीर हायत."

हळदीनं कान मागं टाकले. मग जे झालं त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. सगळ्यांनी एकाच वेळी माया केली. कुणी चुटक्या वाजवल्या. कुणी बिस्किटाचा पुडा कुरकुरवला. एक काका गुडघ्यावर बसून मांजराला बोलावतात तसं बोलावत होते, कारण त्यांच्या घरी मांजर होती. कुणी म्हणालं पट्टा सोडा, कुणी म्हणालं धरा, कुणी म्हणालं लय वाळलीय, हिला नाचणीची आंबील द्या. गॅलरीतल्या एकानं सगळ्यांना दिसावं म्हणून ती उचलून धरायची सूचना केली. राहीबाई निरांजन घेऊन पुढं आल्या. ज्योत बघून हळदी मागं सरकली आणि दिवाणाखाली गेली. तिथं सृष्टीनं पाव्हण्यांसाठी आणलेली बटाट्याची पिशवी होती.

बटाट्याला पाठ लागताच ती जी निघाली, ती काकांच्या पायांतून, भार्गवीच्या हातातला पट्टा हिसकत, उघड्या दारातून जिन्यात.

"दौडो," नाथाजींनी हुकूम दिला. अख्ख्या इमारतीनं दारं उघडली.

पुढचा भाग जयराज आठवायचं टाळतो. त्यानं नवीन कुर्ता घातला होता. हातात बिस्किटं होती. तो वरच्या गच्चीवर गेला, लिफ्टमध्ये डोकावला, मधुकाकांच्या बाथरूमची खिडकी वाजवली, आणि सगळीकडं 'हळदी, हळदी' अशी हाक मारत होता, जी दोन फुटांपलीकडं पोचत नव्हती. मागून भावकी तीच हाक पलूसच्या आवाजात मारत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं कुणाची तरी हळद लागतेय. त्या नवी साडी नेसून बाहेर आल्या.

जिन्याच्या मधल्या पायरीवर भार्गवी उभी होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जयराज, तुम्ही चांगली माणसं आहात," ती म्हणाली. "पण तिला इथं नाही जमणार. सापडली की मी तिला घेऊन जाते. आणि मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, यापुढं मी तिला कुठंच देणार नाही."

"दोन महिने लागू द्या," जयराज म्हणाला. "मी एकटाच बोलीन तिच्याशी. हे सगळे परत जाणार आहेत."

"हे परत येणारच ना? दिवाळीला, जत्रेला, लग्नाला. दर वेळी ती अशी पळणार. ते घर कसं म्हणायचं?"

हे खरं होतं. भावकीतून सुटका नसते, हे जयराजला भार्गवीपेक्षा जास्त माहीत होतं. तो पायरीवर बसला. बिस्किटं त्याच्या हातात चुरली. सृष्टी त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या हातातला चुरा गोळा करायला लागली.

इतक्यात पार्किंगमधून राहीबाईंची हाक आली, पण कुजबुजत. त्यांना कुजबुजताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"आवं. हिकडं या. पाय वाजवू नगा कुनी."

टेम्पोच्या हौद्यात तात्या होते तसेच बसले होते. टोपी कपाळावर, हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवर. इमारत डोक्यावर घेतली गेली तरी त्यांनी मान वळवली नव्हती. आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून, तोंड ज्वारीच्या पोत्याकडं करून, हळदी बसली होती. थरथरत नव्हती. एवढ्या भावकीत तिला एकच माणूस असा भेटला होता जो तिच्याकडं बघत नव्हता, तिला बोलवत नव्हता, हसत नव्हता, हात पुढं करत नव्हता. तो पूर्णपणे रुसलेला होता.

"हे कोण?" भार्गवीनं हळूच विचारलं.

"आमचे तात्या. रुसलेत."

"कुणी शिकवलं त्यांना हे?"

"रुसायला? कुणी नाही. अंगचंच आहे."

"भित्र्या कुत्र्याशी अस्संच वागायचं असतं," भार्गवी म्हणाली. "बघायचं नाही, बोलायचं नाही, पाठ करून बसायचं, तिला येऊ द्यायचं. मी लोकांना महिनोन् महिने सांगते, जमत नाही कुणाला. ह्यांचा एक स्नायू हलत नाही."

पण नाथाजींची चहाची वेळ झाली होती. घरचा थोरला म्हणून ते रीतीप्रमाणं पुढं निघाले, हात धरायला.

"काका, थांबा," भार्गवीनं त्यांना अडवलं. "त्यांची समजूत काढू नका."

नाथाजी होते तिथंच थांबले. मान्यांच्या भावकीत आजवर रुसलेल्याची समजूत काढायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. "म्याडम, त्यो बिनच्याचा बसलाय सकाळपासनं."

"त्यांचा रुसवा गेला तर तीही जाईल."

सगळी भावकी टेम्पोभोवती उभी राहिली आणि तात्यांची समजूत न काढता नुसती बघत राहिली. इकडं तात्यांची अवस्था बिकट झाली. चहाची वेळ टळून गेली होती हे त्यांना पोटातून कळत होतं. कुणी हात धरत नव्हतं. या गोष्टीवर रुसावं तर ते आधीच रुसलेले होते, त्यापुढं जायला जागा नव्हती. बरं, वळून बघावं तर पाठीला काहीतरी ऊब लागली होती. बऱ्याच वर्षांत कुणी असं टेकून बसलं नव्हतं. तात्या हलले नाहीत.

"लाला," नाथाजी शक्य तितक्या हळू म्हणाले, म्हणजे साधारण माणूस बोलतो तेवढ्या आवाजात. "रुसून ऱ्हा गड्या. तुला माझी आन हाय. उठू नगंस."

तात्यांनी भिंतीकडं बघतच विचारलं, "कवापातुर?"

"कुत्री म्हनंल तवापातुर."

मग भार्गवीनं सांगितलं तसं झालं. तात्या उठले, पण रुसलेलेच. टेम्पोतून उतरले, कुणाकडंही न बघता जिना चढायला लागले. हळदीनं जरा विचार केला आणि त्यांच्या मागं निघाली. पहिल्यांदाच सरळ चालत. ते दोन पायऱ्या चढून थांबले की तीही थांबायची. मागं भावकी, चपला हातात घेऊन.

वर खोलीत तात्यांनी भिंतीकडं तोंड करून बैठक मारली आणि हातानंच खूण केली: सगळे असेच बसा. माने मंडळी भिंतीला धरून ओळीनं बसली, तोंडं भिंतीकडं, पाठी खोलीकडं. तात्या नजर न वळवता नुसत्या बोटानं सुधारणा सांगत होते. ह्याची टोपी खाली. त्याचे हात गुडघ्यावर. एका चुलत्याला हसू फुटलं, त्याच्याकडं तात्यांनी असं पाठमोरं दुर्लक्ष केलं की त्याचं हसू जागच्या जागी विझलं. सगळ्यांत अवघड गेलं नाथाजींना. हा माणूस जन्मात रुसलेला नव्हता, त्यानं थेट हुकूमच दिले होते. पण फौजेची शिस्त कामाला आली. ते भिंतीसमोर सावधान बसले आणि मिशांवर उपरणं ओढलं.

याच वेळी मधुकाका तक्रार घेऊन वर आले. तक्रार आवाजाची होती. त्यांनी दार ढकललं आणि बघितलं तर खोली माणसांनी भरलेली, सगळी भिंतीकडं तोंड करून, आणि इतकी शांतता की त्यांनी तीनदा ऐकलेल्या रेकॉर्डिंगपेक्षाही जास्त. सृष्टीनं बोटानं जागा दाखवली. मधुकाका गुपचूप बसले आणि भिंतीकडं बघायला लागले. नंतर ते म्हणाले, नियम काय आहे ते कळत नव्हतं, पण सगळे पाळत होते, म्हणून पाळला.

हळदी खोलीच्या मध्ये उभी होती. भोवती पाठीच पाठी. तिला अशी सभ्य माणसं आयुष्यात पहिल्यांदा एका ठिकाणी भेटत होती. तिनं पहिली पाठ हुंगली. मग दुसरी. मग राहीबाईंचा पदर, जरा जास्त वेळ, कारण त्याला भाकरीचा वास होता. राहीबाईंनी मागं न बघता ओवाळायचा तुकडा जमिनीवर ठेवला आणि पुटपुटल्या, "इडापिडा टळो, खा गं बाय." हळदीनं तो खाल्ला. नाथाजींपाशी आली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखले. सुभेदारांच्या कपाळावर घाम होता. ती त्यांना हुंगून पुढं गेली. तुकडीची पाहणी करून साहेब पुढं गेल्यावर जवान होतो तसे नाथाजी हळूच सैल झाले.

जयराजपाशी आली, तेव्हा त्यानं पूर्वीच्या सवयीनं हळू आवाजात तिचं नाव घेतलं. ती वळून त्याच्यासमोर आली, भिंत आणि तो यांच्यामधल्या वीतभर जागेत शिरली, आणि तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. निवाऱ्यात, कराडला, सेल्फीत, कुणालाच न दिसलेलं तोंड त्याला दिसलं. तपकिरी डोळे, एक जरा बारीक, आणि नाकावर काळा ठिपका. मग तिनं जांभई दिली, खोलीच्या मध्यावर गेली, आडवी झाली, आणि चार पाय वर करून झोपली.

भिंतीला टेकवलेल्या मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाठीमागचं हे दृश्य बघणाऱ्या एका चुलत्यानं खूण केली. मान्यांच्या पाठी एकामागून एक थरथरायला लागल्या. कोण हसत होतं आणि कोण रडत होतं ते पाठीवरून कळत नव्हतं. भार्गवीनं कागदावर सही केली. बैठकीची संमती आवाजी मतदानानं घ्यायची पद्धत होती, ती या वेळी पाठमोऱ्या माना हलवून घेतली गेली. बांधाचा विषय निघाला नाही. इतिहासात पहिल्यांदाच.

"आता तात्यांचा हात धरा," भार्गवी म्हणाली.

नाथाजी पुढं झाले. "उठ की लाला आता."

"आमचं काय," तात्या म्हणाले, "आमी असलो काय, नसलो काय." पण हे म्हणताना त्यांचा डावा हात मागं जाऊन हळदीच्या पोटावर होता, आणि ते तीनदा म्हणायचं विसरले. जेवले मात्र नेहमीसारखेच.

तेव्हापासून तात्या दर रविवारी पलूसहून एसटीनं साताऱ्याला येतात, तासदोन तास भिंतीकडं तोंड करून बसतात आणि संध्याकाळी परत जातात. हळदी त्यांच्याशिवाय कुणाकडंही पाठ करून बसत नाही. तो मान तिनं त्यांच्यासाठी राखला आहे. अडचण फक्त प्रवासाची. शेजारचा प्रवासी बोलायला लागतो, विचारपूस करतो, शेंगा पुढं करतो, आणि साताऱ्यापर्यंत रुसवा टिकत नाही. म्हणून परवा तात्यांनी तोंडी सांगितलं आणि जयराजनं लिहून घेतलं. अर्ज पोचपावतीसह गेला आहे.

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक साहेब

विषय : पलूस–सातारा गाडीत रुसलेल्या प्रवाशांकरिता एक आसन राखीव ठेवणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, सदर गाडीत आमदार, खासदार, दिव्यांग, महिला इत्यादींकरिता आसने राखीव असून रुसलेल्या प्रवाशांची आजवर कोणतीही सोय करण्यात आलेली नाही. तरी खिडकीकडील एक आसन 'रुसलेले' अशी पाटी लावून राखीव करावे. सदर आसनावरील प्रवाशास वाहकाने तिकिटापुरतेच बोलावे व शेजारील प्रवाशाने कोणत्याही प्रकारे समजूत काढू नये. तसेच रविवारी सायंकाळच्या परतीच्या फेरीत सदर प्रवाशाचे डोळे ओले आढळल्यास ते खिडकीतून आलेल्या धुळीमुळे आहेत, अशी नोंद आपल्या कार्यालयाने कायमस्वरूपी घ्यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
लालासाहेब माने
(रुसलेले)